थंड पोलादाचा बोल्ट आणि त्याची डाय

बोल्टाला डोके आणण्याच्या तीन रीती आहेत. सळईचे टोक लाल तापवून ठोकायचे, ही पहिली. षट्कोनी सळई लेथवर लावून नको तेवढे पोलाद कापून टाकायचे, ही दुसरी. आणि तारेचा तुकडा थंडच साच्यात धरून एका-दोन ठोक्यांत त्याचे डोके उठवायचे, ही तिसरी. पहिली रीत लोहाराची, दुसरी लेथवाल्याची. तिसरीला कारखान्यांत कोल्ड फोर्जिंग किंवा हेडिंग म्हणतात. दुचाकी, पंप, पंखे, शिलाई मशीन यांतले बहुतेक लहान-मध्यम बोल्ट आणि स्क्रू आज याच रीतीने घडतात. सांगली-साताऱ्याच्या मुलखाने, त्यातल्या जतसारख्या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यानेही, तिन्ही रीतींचे बोल्ट वापरले. या तिन्हींचा इतिहास म्हणजे हत्यारांचा इतिहास आहे. लोहाराच्या मनगटातले कौशल्य टप्प्याटप्प्याने डायमध्ये कसे उतरले, ते त्यात दिसते.

जत हे डफळे घराण्याचे संस्थान. ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. पाऊस बेताचा, माळरान मोठे, खिलार जनावरे आणि माडग्याळी मेंढ्या यांवर चालणारा हा प्रदेश. इथल्या गावगाड्यात लोखंडाचे सगळे काम लोहाराच्या भात्याशी होई: फाळ, पास, विळे, कुऱ्हाडी, मोटेचे आणि गाडीचे लोखंड. खिळा किंवा रिव्हेट घडवायचे तर लोहार भोक पाडलेला एक जाड लोखंडी ठोकळा वापरी. तापवलेली सळई त्या भोकात सोडायची, थोडी वर ठेवायची आणि वरच्या भागावर घण घालून डोके पसरवायचे. हा ठोकळा म्हणजे डायचे सर्वांत साधे रूप. दांड्याची जाडी भोक ठरवी. डोक्याचा आकार मात्र लोहाराच्या नजरेवर आणि हातावर सोडलेला असे, त्यामुळे कोणतीही दोन डोकी नेमकी सारखी नसत. गावगाड्याच्या कामाला तेवढे पुरत होते, कारण प्रत्येक खिळा त्याच्या ठरलेल्या जागेसाठीच घडे.

लोहाराच्याच कामातली आणखी एक गोष्ट पुढच्या इतिहासासाठी महत्त्वाची आहे. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना तो ती मापापेक्षा किंचित लहान ठेवी, गोवऱ्यांच्या जाळात तापवून फुगवी, चाकावर बसवी आणि लगेच पाणी ओती. धाव आकसली की आरे आणि लाकडी परीघ असे आवळले जात की चाक खडकाळ माळावरही खिळखिळे होत नसे. बाहेरच्या कड्याने आतल्या भागाला कायम दाबून ठेवणे, हे यातले तत्त्व. आजच्या कोल्ड फोर्जिंगची डाय त्याच तत्त्वावर उभी आहे.

धातू थंड ठोकण्याची परंपरा या भागात लोखंडाची नव्हती, ती तांब्याची होती. तांबट हंडे, घंगाळी, कळशा थंड पत्र्यावर हातोडीच्या ठोक्यांनी घडवत. ठोकता ठोकता तांबे कडक होते आणि आणखी ठोकले तर चिरते, हे तांबटाला पक्के ठाऊक असे. म्हणून मधूनमधून भांडे तावून तो त्याला पुन्हा मऊ करी. कारखान्यात तार ओढण्याआधी आणि हेडरला, म्हणजे हेडिंगच्या यंत्राला, लावण्याआधी ती भट्टीत ठेवून मऊ करतात, ती याच कारणाने. नाण्यांचे कामही याच जातीचे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळापासून पाडली जाणारी तांब्याची शिवराई खालचा ठसा, वरचा ठसा आणि मध्ये तांब्याची चकती अशी ठेवून घणाच्या ठोक्याने उमटे. ठसा मोठा आणि चकती लहान असल्याने बहुतेक शिवरायांवर अक्षरांचा काही भागच आढळतो, आणि कडाही वेड्यावाकड्या असतात. चकतीभोवती तिला अडवणारे कडे नसे, त्यामुळे धातू जिकडे वाट मिळेल तिकडे पसरे. धातूला चहूबाजूंनी बांधून हवी तीच वाट मोकळी ठेवणे, हा डाय-रचनेतला पहिला धडा आहे आणि शिवराईच्या कडेवर त्याची उणीव स्पष्ट दिसते.

एकसारखे बोल्ट या मुलखात रेल्वेबरोबर आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुणे-मिरज मार्ग झाला, आणि १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ पंढरपूरकडून मिरजेला पोहोचला. जतला जाणाऱ्यांसाठीचे जत रोड स्थानक याच मार्गावरचे. रुळांच्या सांध्यांवरचे बोल्ट कुठल्याही सांध्याला बसत आणि एका मापाच्या पान्याने आवळता येत. यामागे इंग्लंडमधल्या जोसेफ व्हिटवर्थचे काम होते. १८४१ मध्ये त्याने आट्यांचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीसाठी इंचामागे आट्यांची संख्या ठरवून दिली. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन सुचवला, आणि आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन तोच आहे. महाराष्ट्रात मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्हिटवर्थचेच राज्य होते. तीन सुती, चार सुती बोल्ट ही मापे म्हणजे तीन अष्टमांश आणि अर्धा इंच, आणि गावोगावच्या गॅरेजांत ती आजही बोलली जातात.

या मुलखाला बोल्टाची खरी गरज लोखंडी नांगराने लावली. लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळ दिला, आणि १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली. लोखंडी नांगर जमिनीला बाधतो अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीला नांगर विकले जाईनात. ती समजूत मोडली ती प्रत्यक्ष नांगरटीने. लाकडी नांगर आणि लोखंडी नांगर यांच्यात धातूइतकाच महत्त्वाचा दुसरा फरक होता. लोखंडी नांगर सुट्या भागांचा असतो. फाळ झिजला की तो काढून नवा लावायचा, आणि हे करायचे शेताच्या बांधावर, साध्या पान्याने. भोके नेमक्या जागी आणि बोल्ट नेमक्या मापाचे असल्याशिवाय हे शक्य होत नाही. किर्लोस्करवाडीचे ओतकाम पुष्कळदा वाखाणले जाते. पण जतच्या शेतकऱ्याला दूरच्या कारखान्याचा नांगर विश्वासाने घेता आला, त्यात सुटा भाग हमखास बसण्याचा वाटा ओतकामाएवढाच होता.

सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला आणि नांगरांपाठोपाठ तेलावर चालणारी इंजिने करू लागला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीत काचेबरोबर ‘प्रभाकर’ कंदील होऊ लागला. कंदिलाची टाकी, बर्नर, झाकण हे पत्र्याचे भाग थंड पत्रा डायमध्ये दाबून काढावे लागतात. या मुलखात थंड धातूला डायमध्ये आकार देण्याचे मोठ्या प्रमाणावरचे काम ते हे. पत्रा वाकवणे आणि भरीव पोलाद हलवणे यांत मात्र बराच फरक आहे. पत्र्याला लागणारा दाब डाय सहज सोसते. भरीव पोलादाला थंडपणी हलवायचे तर डायवर येणारा ताण तिच्या स्वतःच्या ताकदीच्या जवळ जातो.

म्हणूनच पोलादी बोल्ट दीर्घकाळ तापवूनच ठोकले गेले किंवा लेथवर कापले गेले. लेथवरचा बोल्ट दिसायला सुबक, पण त्यात पोलादाची नासाडी मोठी. एम १० चा, म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा, ५० मिलिमीटर लांबीचा बोल्ट घेतला, तर त्याच्या डोक्याची समोरासमोरची रुंदी १६ आणि उंची ६.४ मिलिमीटर असते. तो १६ मिलिमीटरच्या षट्कोनी सळईतून कापला तर सुमारे साडेबारा घन सेंटिमीटर पोलाद लागते, आणि तयार बोल्टात उरते जेमतेम पावणेपाच. बाकीचे बुरा होऊन खाली पडते. शिवाय सळईत लांबीच्या दिशेने धावणारे पोलादाचे तंतू डोक्याखालीच कापले जातात, आणि बोल्टावर सर्वाधिक ताण येतो तो नेमका तिथेच. ठोकून उठवलेल्या डोक्यात हे तंतू वळून डोक्यात शिरतात. डोके तुटू नये यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

थंड पोलाद ठोकण्याची वाट विसाव्या शतकात दोन शोधांनी मोकळी केली आणि दोन्ही जर्मनीतले. १९२० च्या दशकात टंगस्टन कार्बाइड हा अतिकठीण पदार्थ बाजारात आला. क्रुप कंपनीने तो ‘विडिया’ नावाने विकला, आणि तासण्याच्या हत्यारांबरोबर तार ओढण्याच्या आणि हेडिंगच्या डायही त्याच्या होऊ लागल्या. १९३० च्या दशकात फ्रिट्झ सिंगर यांनी पोलादावर झिंक फॉस्फेटचा थर देण्याची कल्पना थंड घडणीत आणली. हा थर पोलादाला घट्ट चिकटतो आणि त्यावर साबण धरून ठेवतो. थर नसेल तर प्रचंड दाबाखाली तारेचे पोलाद डायच्या भिंतीला चिकटते, ओरखडे पडतात आणि डाय काही नगांतच निकामी होते. दुसऱ्या महायुद्धात पितळेचा तुटवडा पडल्यावर काडतुसांची कवचे पोलादाची करण्यासाठी जर्मनीने हे तंत्र वापरले, आणि युद्धानंतर ते वाहन उद्योगात पसरले.

यानंतरची सारी गोष्ट डाय आणि पंच, म्हणजे ठोका देणारे हत्यार, यांच्या रचनेची आहे.

रचनेची सुरुवात एका हिशेबाने होते. डोक्यात जेवढे पोलाद हवे, तेवढी तार डायच्या तोंडाबाहेर ठेवावी लागते. ही बाहेरची लांबी तारेच्या व्यासाच्या सव्वादोन पटीपर्यंत असेल तर एका ठोक्यात डोके उठते. त्याहून जास्त असेल तर ठोका बसताच तार मध्येच वाकते आणि डोक्यात घडी पडते. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या बोल्टात ही घडी चिरेसारखी लपून राहते. दोन ठोक्यांत साधारण साडेचार पटीपर्यंत जाता येते. एम १० चे डोके आधी १८.५ मिलिमीटर व्यासाचे गोल उठवून मग षट्कोनी कापायचे असे धरू. त्यात सुमारे १,७२० घन मिलिमीटर पोलाद लागेल. तार ९ मिलिमीटरची असेल तर त्यासाठी २७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर तिप्पट लांबी बाहेर ठेवावी लागेल. अर्थात दोन ठोके हवेत.

हेडर मशीनवर डाय एका जागी स्थिर असते आणि दोन पंच पाळीपाळीने तिच्यासमोर येतात. पहिला पंच डोके उठवत नाही. त्याच्या तोंडात शंकूच्या आकाराची पोकळी असते आणि तो पोलाद फक्त त्या आकारात गोळा करतो, म्हणजे दुसऱ्या ठोक्याला लांबी कमी आणि बूड रुंद मिळते. या शंकूचा उतार किती असावा, यात डिझायनरची पारख लागते. उतार कमी असला तर तार वाकायला जागा मिळते. जास्त असला तर दुसऱ्या ठोक्यात पोलाद कडेने दुमडते. पोकळीत हवा आणि तेल कोंडले तर डोक्याचा कोपरा भरत नाही, म्हणून पंचाच्या मध्यातून बारीक छिद्र काढून हवेला वाट ठेवतात. दुसरा पंच डोक्याला अंतिम आकार देतो, आणि त्यानंतर डायच्या मागची नॉकआऊट पिन नग बाहेर ढकलते. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा हे सारे घडत असते. त्यामुळे पिनचा व्यास, तिची लांबी आणि तिचा आधार यांतली चूकही डायइतकीच महाग पडते.

दांड्याचा हिशेब निराळा. आटे कापण्याऐवजी लाटायचे असतील तर दांडा आट्याच्या मध्यव्यासाएवढा ठेवावा लागतो. एम १० साठी तो सुमारे ९.०३ मिलिमीटर आहे. दोन आटेदार पट्ट्यांमध्ये दांडा लाटला की खाचेतले पोलाद वर चढून आटा पूर्ण भरतो आणि बुरा मुळीच पडत नाही. बोल्टाचा वरचा भाग पूर्ण १० मिलिमीटर आणि आट्यांचा भाग ९.०३ ठेवायचा असेल तर जाड तार घेऊन तिचे टोक डायच्या अरुंद भागातून ढकलतात. यात आडव्या छेदाचे क्षेत्रफळ साधारण साडेअठरा टक्के घटते. तारेला बाजूने आधार न देता सुमारे ३० टक्क्यांपर्यंत अशी घट करता येते. त्यापुढे तार अरुंद भागात शिरण्याआधीच बाहेर फुगते. तेव्हा तिला आधीपासून बंद पोकळीत धरावे लागते किंवा एक टप्पा वाढवावा लागतो.

डायच्या पोटातला ताण हा या विद्येचा सर्वांत अवघड भाग. कार्बाइड दाब सोसण्यात अव्वल, पण ताणले गेले की ते ठिसूळपणे तडकते. आणि आतून पोलाद ढकलू लागले की डायचे भोक फाकण्याचा प्रयत्न करते, म्हणजे कार्बाइडवर नेमका ताणच येतो. उपाय बैलगाडीच्या धावेचाच. कार्बाइडच्या नळकांड्याभोवती पोलादी कडे बसवायचे. कड्याचे भोक मापापेक्षा ०.३ टक्क्याच्या आसपास लहान ठेवायचे, कडे तापवून फुगवायचे आणि थंड होऊ द्यायचे. २५ मिलिमीटरच्या कार्बाइडसाठी हा फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो, पण त्यामुळे कार्बाइड आधीपासूनच दाबलेले राहते, आणि ठोक्याचा ताण हा दाब संपवण्यातच खर्च होतो. आतला दाब चौरस मिलिमीटरला १,००० न्यूटनपर्यंत असेल तर कड्याविना भागते. १,६०० पर्यंत एक कडे, त्यापुढे २,००० च्या आसपास दोन कडी, असा सर्वमान्य अंदाज आहे. १९६७ पासून काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कोल्ड फोर्जिंग गटाने अशी अनुभवाची सूत्रे एकत्र केली.

कडे बसवले तरी एक जागा दगा देते. भोक जिथे रुंदीचे अरुंद होते त्या आतल्या कोपऱ्यात आडवी चीर जाते. अनुभवी टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे घडवणाऱ्या विभागात, अशा ठिकाणी कार्बाइडचे दोन वेगळे तुकडे करून सांधा नेमका त्या कोपऱ्यावर आणतात. जिथे चीर जाणारच, तिथे आधीच तोडून ठेवायचे. डायच्या तोंडावरच्या गोलाईलाही असेच जपावे लागते. बोल्टाच्या डोक्याखालची गोलाई तिथेच ठरते. ती धारदार झाली की बोल्ट मापात असूनही वापरात तुटतो.

महाराष्ट्रात ही विद्या वाहन उद्योगाच्या मागणीने रुजली. त्याआधी मुंबईत भांडुपला गेस्ट कीन विल्यम्ससारखे बोल्टांचे मोठे कारखाने होते. १९५६ च्या वजन-माप कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि सुती मापे हळूहळू मागे पडली. भारतीय मानक संस्थेच्या १३६७ क्रमांकाच्या मानकाने आटेदार बोल्टांचे वर्ग, मापे आणि चाचण्या बांधून दिल्या. कऱ्हाडच्या नीळकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये पुण्यात भारत फोर्जची स्थापना केली. तिथले काम तापवून फोर्जिंगचे, पण फोर्जिंग डायचा विचार करणारी माणसे त्यातून मोठ्या संख्येने घडली. टेल्को या वाहन कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात सुमंत मूळगावकरांनी १९६६ पासून वाहनांच्या आधी प्रशिक्षण आणि टूलरूम उभे केले. हा क्रम फार दूरदृष्टीचा होता. हत्यार बाहेरून विकत आणणाऱ्या कारखान्याला उत्पादनाचे माप बदलायला महिने लागतात. हत्यार घरात करणारा ते आठवड्यात बदलतो.

सांगली भागाची घडण वेगळी झाली. किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज, कुपवाड इथे ओतकाम, पंपाचे भाग आणि यंत्रकाम वाढले. सांगलीत १९४७ मध्ये धोंडुमामा साठे यांनी स्थापलेले आणि पुढे वालचंद नाव धारण केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय अभियंते घडवत राहिले. त्यांतले पुष्कळ जण पुणे-पिंपरीच्या टूलरूममध्ये गेले. ओतकामाचा पॅटर्न करणारा कारागीर सांगली-कोल्हापूरकडे सहज सापडतो, हेडिंगच्या डायसाठी मात्र नजर पुण्याकडे लागते. आता डायचा आराखडा संगणकावर तपासता येतो आणि पोलाद कुठे दुमडेल, कुठे चीर जाईल हे पोलादाला हात लावण्याआधी दिसते. ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणीही करता येण्याजोगी आहे, आणि जिथे तरणी मुले दुष्काळामुळे घर सोडतात त्या जतसारख्या तालुक्यांच्या मुलांना ती शिकवली जावी.

जतच्या माळावर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या मनोऱ्यांची नळकांडी एकमेकांना जोडणारे बोल्ट मनगटाएवढे जाड असतात. तारेतून थंड घडण साधारण एम ३० च्या आसपास थांबते, त्यामुळे हे मोठे बोल्ट तापवूनच ठोकले जातात, म्हणजे लोहाराच्याच रीतीने, फक्त यंत्राच्या बळाने. त्याच पवनचक्कीच्या वीज-पेटीतले बारीक स्क्रू मात्र थंड घडलेले असतात.

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा आणि करणाऱ्याची खूण असते. पंचाच्या तोंडात उलटे कोरलेले हे आकडे शेवटच्या ठोक्यालाच डोक्यावर उमटतात. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसण्याची ताकद, आणि दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. ट्रॅक्टर, पंप किंवा ट्रॉलीला जिथे पुस्तिकेत वर्ग सांगितला असेल, तिथे दुकानदाराकडून आकडा पाहूनच बोल्ट घ्यावा. डोके कोरे असलेला बोल्ट तिथे कधीही लावू नये.